वाफेवर लाकूड वाकवून घेण्यासाठी येण्यापूर्वी

खुर्च्यांच्या पाठी आणि हात, गोल मेजांच्या कडा, लहान शिडाच्या होड्यांच्या बरगड्या अशी कामे आमच्याकडे वाफेवर वाकवून मिळतात, हे आपणांस ठाऊक आहेच. हे पत्रक एकाच प्रश्नासाठी छापले आहे, कारण तो जवळजवळ प्रत्येक ग्राहक विचारतो: लाकूड आम्हीच आणून दिले तर चालेल का? चालेल. मात्र ते किल्नमध्ये, म्हणजे भट्टीत सुकवलेले नसावे.

नेमके तेच लाकूड बहुतेक जण घेऊन येतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मुंबईच्या वखारींत मिळणारे परदेशी अ‍ॅश, ओक किंवा बीच सहसा किल्नमधूनच आलेले असते, त्यात ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आसपास असतो आणि सरळ फर्निचरसाठी त्याहून चांगला माल नाही. फळ्या गुळगुळीत, भाव चढा, त्यामुळे वाकवण्यासाठीही हाच माल उत्तम असणार असा समज होतो. वाकवण्यासाठी मात्र हवेत सावकाश सुकलेले, साधारण १५ ते २५ टक्के ओलावा असलेले लाकूड लागते.

लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारे लिग्निन उष्णता आणि ओलावा एकत्र मिळाले तरच पुरेसे मऊ होते. वाफ उष्णता आतपर्यंत पोहोचवते, पण ओलावा फारसा पोहोचवत नाही. तो लाकडात आधीपासून असावा लागतो. कोरडी फळी वाफपेटीतून गरम होऊन बाहेर येते, वरून ओलीही दिसते, आणि साच्यावर घेतली की बाहेरच्या अंगाने फाटते. मग वाफ कमी पडली असे म्हटले जाते, काही जण प्रेशर वाढवण्याचाही सल्ला देतात. साध्या दाबाची १०० अंशांची वाफ या कामास पुरेशी असते. जाडीच्या दर २५ मिलिमीटरमागे सुमारे एक तास, आणि लाकूड चांगले ओलसर असेल तर त्याहून कमी, हा आमचा हिशोब आहे. गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवल्यास आतल्या बाजूला सुरकुत्या पडण्याची भीती असते.

‘मग आठवडाभर टाकीत भिजवतो’ हा उपायही आम्ही वारंवार ऐकतो. पाणी फळीच्या टोकांतून लवकर शिरते, मधल्या भागात फारच हळू. परिणामी टोके फुगतात, पुढे चिरतात, आणि जिथे वाकवायचे तो मधला भाग कोरडाच राहतो. फळीच्या पृष्ठभागावर ओलावा मोजणारे मीटर टोचून आलेला आकडाही म्हणूनच फसवा असतो. आम्ही टोकापासून हातभर आत काप घेऊन, ताज्या कापाच्या मध्यावर मीटर लावतो. लाकूड विकत घेण्यापूर्वी एक तुकडा आणून दाखवलात, तर ही तपासणी आम्ही विनामूल्य करून देऊ.

ओलाव्यावर आमचा एवढा भर का, हे एका मापावरून ध्यानात येईल. २५ मिलिमीटर जाडीची पट्टी ३०० मिलिमीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळात वाकवली, तर आतली बाजू सुमारे ९४२ आणि बाहेरची सुमारे १०२१ मिलिमीटर भरते. हा ७९ मिलिमीटरचा फरक ताणून निघत नाही, कारण वाफवलेले लाकूडही फार तर एक-दोन टक्के ताणले जाते. दाबले मात्र ते पुष्कळ जाते. म्हणून बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टा बसवून, दोन्ही टोके घट्ट अडवून, सारा फरक आतल्या अंगाच्या दाबावर ढकलावा लागतो. इराणी हॉटेलांतल्या गोल पाठीच्या खुर्च्या नमुना म्हणून अनेक जण आणतात. त्यांचे मूळ घराणे व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांच्या १८५९ सालच्या १४ क्रमांकाच्या खुर्चीचे आहे, आणि तिच्या बीच लाकडालाही धातूचा पट्टा लावूनच वाकवले जात असे. आमचे पट्टे स्टेनलेस आहेत, कारण साध्या लोखंडाने ओल्या ओकवर काळे डाग पडतात.

दुसरी अट लाकडाच्या तंतूंच्या रेषांची. पट्टीतल्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावाव्यात. १५ सेंटिमीटर लांबीत त्या एक सेंटिमीटरहून अधिक तिरक्या जात असतील किंवा वळणाच्या जागी गाठ असेल, तर ती पट्टी आम्ही पेटीत घालत नाही. सागवान वाकते, पण अ‍ॅश-ओकइतक्या खुशीने नाही, म्हणून सागासाठी मोठ्या त्रिज्येचे वळण सुचवतो.

किल्नचे लाकूड आधीच घेऊन ठेवले असेल, तर ते वाया गेले असे समजू नये. त्याच्या पातळ पट्ट्या चिरून, साच्यावर एकावर एक चिकटवून तेच वळण देता येते, आणि गोंदाला कोरडेच लाकूड मानवते. हे लॅमिनेशनचे कामही आम्ही करतो; खर्च थोडा अधिक येतो, पण वळण साच्याबाहेर काढल्यावर फारसे उघडत नाही. होडीसाठी इपॉक्सी हा गोंद वापरतो, आणि साग तेलकट असल्याने चिकटवण्यापूर्वी तो सॉल्व्हंटने पुसून घेतो.

लाकूड आमच्याकडून घ्यावे असा आग्रह नाही. तरी हवेत सुकवलेला, मीटरने तपासलेला माल आम्ही बाळगून असतो, आणि त्यातली पट्टी मोडल्यास नवी पट्टी आमच्या खर्चाने घालतो. ग्राहकाच्या लाकडाला ही हमी देता येत नाही; तिथे प्रत्येक नगामागे एक जादा पट्टी मागतो, कारण निर्दोष दिसणारी पट्टीही कधी कधी मोडते.

पेटीतून काढलेली पट्टी मिनिटभरात साच्यावर बसावी लागते, म्हणून साचा आधी तयार हवा. आपण पूर्ण मापाचे वळण प्लायवर आखून आणावे. सुटल्यावर वळण किती उघडेल त्याचा अंदाज धरून साचा किंचित घट्ट करण्याचे काम आमचे. फर्निचरचे नग साच्यातच सुकू द्यावे लागतात आणि जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत त्यास बराच अधिक वेळ लागतो, तेव्हा गणपतीपूर्वी खुर्च्या हव्या असल्यास ऑर्डर मे महिन्यातच द्यावी. होडीच्या बरगड्या गरम असतानाच सांगाड्यात बसवायच्या असल्याने त्यांना हा विलंब नाही. त्यासाठी आमची लहान वाफपेटी आपल्या जागेवर आणता येते.