फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त आणि मुलाची स्वतःची आठवण

मराठी शाळेत 'आत्मवृत्त' हा शब्द उच्चारला की आठवते ती फाटकी छत्री, जुने पुस्तक किंवा बंद पडलेले घड्याळ. निबंधाच्या वहीत या निर्जीव वस्तूंनी पिढ्यान्‌पिढ्या आपली कहाणी सांगितली. ती लिहिणाऱ्या मुलाला त्याची स्वतःची कहाणी मात्र क्वचितच विचारली गेली. नागपूरच्या अध्यापक महाविद्यालयांतून सराव पाठांसाठी शाळांत जाणारे छात्राध्यापकही अशाच वह्या भरून आलेले असतात. त्यामुळे मुलांकडून आठवणी लिहून घेण्याची वेळ येते, तेव्हा आपण स्वतः असे एकही पान लिहिलेले नाही, हे त्यांच्या पहिल्यांदा लक्षात येते.

वास्तविक हे लेखन विदर्भाला परके नाही. मराठी गद्याचा आरंभीचा मोठा ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र, आणि तो उभा आहे तो आठवणींवरच. महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर यांच्या निर्गमनानंतर त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी त्यांच्या सहवासात राहिलेल्या माणसांना गाठून, कोणी काय पाहिले आणि काय ऐकले हे विचारून, एकेक लीळा, म्हणजे चक्रधरांच्या आयुष्यातील एकेक प्रसंग, जमवली. पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून ती पारखून घेतली आणि शके 1200 च्या, म्हणजे इ.स. 1278 च्या सुमारास आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तिला ग्रंथरूप आले, असे परंपरा मानते. आजच्या शिक्षकासाठी यातील दोन गोष्टी मोलाच्या आहेत. पहिली म्हणजे प्रसंग लहान आहेत आणि ते बोलण्याच्या भाषेत आहेत. दुसरी मला अधिक महत्त्वाची वाटते : एकाच प्रसंगाची कोणाची आठवण निराळी असेल, तर महानुभावांच्या पोथ्यांनी तिला 'वासना' म्हणून नोंदवून ठेवले. आठवण ही माणसागणिक बदलते, हे इतक्या प्रामाणिकपणे मान्य करणारी पद्धत आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वी होती, याचा उल्लेख अध्यापनपद्धतीच्या तासाला व्हायलाच हवा.

पुढच्या शतकांत संत बहिणाबाईंच्या आत्मपर अभंगांपासून रमाबाई रानडे यांच्या 1910 मधील आठवणींपर्यंत आणि 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'पर्यंत हा प्रवाह चालत आला. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेलेच नव्हते, आणि तरीही घरगुती बोलण्याच्या ओघात लिहिलेले त्यांचे गद्य मराठीतील उत्तम गद्यांत गणले जाते.

खरे वळण आले ते 1978 मध्ये, दया पवार यांच्या 'बलुतं'ने. त्यानंतरच्या दशकात दलित आत्मकथनांनी कोणाचे आयुष्य लिहिण्याजोगे असते, या प्रश्नाचे उत्तरच बदलून टाकले. शांताबाई कांबळे यांनी 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली, त्या स्वतः शिक्षिका होत्या. नागपूरच्या कुमुद पावडे यांच्या 1981 च्या 'अंतःस्फोट'मध्ये संस्कृत शिकण्याचा आणि शिकवण्याचा जो अनुभव आला आहे, तो प्रत्येक छात्राध्यापकाने वाचावा असा आहे; जातीचा विचार मनात न आणता मुलीला संस्कृत शिकवणारे शाळेतले गुरुजी आणि पदवी मिळाल्यावरही नोकरी नाकारणारा समाज, दोन्ही त्यात शेजारी-शेजारी उभे आहेत. वसंत मून यांच्या 1995 मधील 'वस्ती'त तर सीताबर्डीजवळच्या महारपुऱ्याचे सगळे जगणे आहे. नागपूरच्या मुलाला आपली गल्ली लिहिण्याजोगी आहे हे पटवायचे असेल, तर याहून जवळचे पुस्तक शोधावे लागणार नाही.

वर्गातील लेखनाची दुसरी धारा नागपूरपासून सुमारे 75 किलोमीटरवरच्या वर्ध्यातून निघते. ऑक्टोबर 1937 मध्ये तेथे शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समितीने योजना आखली आणि सेवाग्रामला नई तालीमचे, म्हणजे हातच्या कामातून शिकवण्याच्या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचे, काम सुरू झाले. मुलांनी स्वतः केलेल्या कामाची नोंद स्वतः ठेवावी, हा त्या शिक्षणाचा स्वाभाविक भाग होता. अनुभव आधी आणि लेखन मागून, हा क्रम तेथे रुजला.

शिक्षकाने आधी स्वतः लिहावे, या विचाराला चळवळीचे रूप आले ते मात्र अमेरिकेत. 1974 मध्ये जेम्स ग्रे यांनी बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 'बे एरिया रायटिंग प्रोजेक्ट' सुरू केला. उन्हाळी सुटीत शिक्षक एकत्र जमत, स्वतः लिहीत, एकमेकांना वाचून दाखवत आणि वर्गात साधलेल्या युक्त्या परस्परांना शिकवत. त्यातूनच पुढे त्या देशभर पसरलेला 'नॅशनल रायटिंग प्रोजेक्ट' उभा राहिला.

आपल्याकडे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले. त्याबरोबर आलेल्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात वाचनावर चिंतन करण्याला आणि 'स्व'ची ओळख करून घेण्याला स्वतंत्र जागा मिळाली, आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन करायचा सराव, हीही लांबली. ही जागा चिंतनपर नोंदवही नावाची आणखी एक फाइल भरण्यात संपू नये, अशी माझी कळकळ आहे.

साधनांची वानवा नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 पासून निघते आहे. भोपाळच्या एकलव्य संस्थेचे 1985 पासूनचे 'चकमक' हिंदीत असले, तरी मुलांनी लिहिलेला मजकूर आदराने कसा छापावा हे त्यातून शिकता येते. पण सर्वांत जवळचे साधन घरात आहे. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी कोणी आणला, त्या दिवशी दारोदार फिरताना काय मिळाले, मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायला कोणाच्या खांद्यावर बसलो होतो, एवढे तीनच प्रश्न आजीला विचारून यायला सांगितले, तरी वही भरते.

अडचण वही तपासताना येते. मुलाने आजीचे वाक्य वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत जसेच्या तसे उतरवलेले असते आणि लाल शाईचा हात सवयीने त्याकडे वळतो. आजीचे बोलणे अवतरण चिन्हांत तसेच ठेवावे आणि मुलाच्या स्वतःच्या निवेदनातील शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यात पाहावे, हा मार्ग सराव पाठाच्या टाचणातच लिहून ठेवला, तर निरीक्षणाला मागच्या बाकावर बसलेल्या मार्गदर्शक शिक्षकांनाही त्यामागचा हेतू कळतो.