आकडा प्रदेशाचा, निष्कर्ष माणसाचा

एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा आत्महत्येवरचा ग्रंथ १८९७ साली प्रसिद्ध झाला. एखाद्याने जीव का दिला, हा प्रश्न त्याने बाजूलाच ठेवला. देशातलं आत्महत्यांचं प्रमाण वर्षानुवर्षं फारसं हलत नाही, जीव देणारी माणसं मात्र दरवर्षी वेगळी असतात. मग त्या प्रमाणाचं कारण समाजाच्या घडणीत शोधायला हवं, असं त्याचं म्हणणं. माणसाबाहेर असून माणसावर दाब टाकणाऱ्या अशा गोष्टींना त्याने 'सामाजिक तथ्य' म्हटलं. समाजशास्त्राचा पाया इथेच आहे, असं मला वाटतं.

पण समूहाचा आकडा हाती आला की तो थेट व्यक्तीला लावायचा मोह होतो, आणि तिथेच घात होतो.

१९५० साली डब्ल्यू. एस. रॉबिन्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून हे दाखवून दिलं. तेव्हाच्या ४८ राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण आणि निरक्षरतेचं प्रमाण त्यांनी ताडून पाहिलं. सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने वाढतात-घटतात हे सांगणारा उणे १ ते अधिक १ मधला आकडा, आला उणे ०.५३. म्हणजे जिथे स्थलांतरित जास्त, तिथे निरक्षरता कमी. यावरून स्थलांतरित अधिक शिकलेले होते असं कुणीही म्हणेल. मग रॉबिन्सन यांनी तोच संबंध एकेका व्यक्तीच्या पातळीवर मोजला. तो निघाला अधिक ०.१२! स्थलांतरितांमध्ये निरक्षरता थोडी जास्तच होती.

दोन्ही आकडे खरे होते. स्थलांतरित मुख्यतः कामधंदा असलेल्या राज्यांत गेले, आणि तिथले मूळचे रहिवासी चांगले शिकलेले होते. दक्षिणेत स्थलांतरित फार थोडे, आणि पिढ्यान्‌पिढ्या शिक्षणापासून दूर ठेवलेले कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने. राज्याचा आकडा या शेजाऱ्यांबद्दल बोलत होता.

म्हणून संशोधनात 'विश्लेषणाचं एकक' आधी ठरवतात: आपण व्यक्ती मोजतोय, कुटुंब, की प्रदेश? निष्कर्षही त्याच एककापुरता. श्रीमंत मतदारसंघांत एखाद्या पक्षाला जास्त मतं पडली, तरी ती श्रीमंतांनीच दिली असं त्यावरून सिद्ध होत नाही. त्याच भागातल्या गरिबांचीही असू शकतात. मतदान गुप्त असल्याने मतपेटी हे सांगत नाही. त्यासाठी मतदारांनाच गाठून विचारावं लागतं.