मध्यकर्णातील दोन स्नायू आणि शल्यचिकित्सेतील त्यांचे बदलते स्थान

मानवी शरीरातील सर्वांत लहान कंकालस्नायू मध्यकर्णात आहे. स्टेपिडियस हे त्याचे नाव असून त्याची लांबी जेमतेम ६ मिलिमीटर भरते. पिरॅमिड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हाडाच्या पोकळ उंचवट्यात तो दडलेला असतो. त्याची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तेवढी बाहेर येऊन रिकिबीच्या, म्हणजे मध्यकर्णातील सर्वांत आतल्या इवल्या हाडाच्या, मानेला चिकटते. टेन्सर टिंपनाय हा दुसरा स्नायू सुमारे २ सेंटिमीटर लांबीचा असून कान आणि घसा जोडणाऱ्या युस्टेशियन नलिकेच्या वरच्या बोगद्यातून येतो, कॉक्लिअरिफॉर्म प्रोसेस या चमच्यासारख्या अस्थिभागाला वळसा घालतो आणि कानाच्या पडद्याला चिकटलेल्या हातोडी या हाडाच्या दांड्याला मिळतो. भ्रूणावस्थेत दोघांचे उगम घशाजवळच्या वेगवेगळ्या कमानींतून होत असल्यामुळे स्टेपिडियसला फेशियल नर्व्हची (चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या नसेची), तर टेन्सर टिंपनायला ट्रायजेमिनल नर्व्हच्या मॅन्डिब्युलर (जबड्याकडे जाणाऱ्या) शाखेची फांदी मिळते. त्यांच्या शस्त्रक्रियेतील महत्त्वाचे मूळ बऱ्याच अंशी या नसांत आणि हाडांतच आहे.

टेन्सर टिंपनायचे वर्णन शरीररचनातज्ज्ञ बार्तोलोमेओ युस्टाकी यांच्या १५६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनात आढळते, तर स्टेपिडियसच्या शोधाचे श्रेय सामान्यतः त्याच शतकातील वारोलिओ यांना दिले जाते. फेशियल नर्व्हच्या अस्थिमार्गाचे वर्णन फालोपिओ यांनी १५६१ मध्येच केले होते. मात्र हे स्नायू नेमके काय करतात, हा प्रश्न पुढे तीन शतके रेंगाळला. १८७८ मध्ये हेन्सन यांनी कुत्र्यात ध्वनीमुळे टेन्सर आकुंचन पावताना पाहिला. माणसात स्टेपिडियसचे आकुंचन ल्यूशर यांनी १९२९ मध्ये कानाच्या पडद्यातील छिद्रातून प्रत्यक्ष पाहिले. मोठा आवाज सतत राहिल्यास स्नायू आपोआप आवळण्याची ही क्रिया, म्हणजे हा प्रतिक्षेप, आतील कानाकडे जाणारी ऊर्जा, विशेषतः खर्जातील, काहीशी कमी करतो. नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीतील वाद्यांच्या गजरात त्याचा थोडाफार उपयोग होईलही, पण कानाजवळ फुटलेल्या फटाक्यापुढे तो निरुपयोगी ठरतो, कारण स्नायू आवळण्यापूर्वीच आघात आत पोहोचलेला असतो.

शल्यचिकित्सकांनी मात्र कार्य पुरते कळण्याआधीच कात्री उचलली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेबर-लील यांनी, आवळलेला टेन्सर बहिरेपणा वाढवतो या समजुतीने, त्याची कंडरा छेदण्याचा पुरस्कार केला. परिणाम निराशाजनक ठरले आणि ती पद्धत मागे पडली. कंडरा छेदण्याला सबळ कारण पुढे मिळाले. जॉन शी यांनी १९५६ मध्ये ओटोस्क्लेरोसिसच्या (रिकीब हाडाच्या वाढीने जखडून ऐकू कमी येण्याच्या विकाराच्या) रुग्णात रिकीब काढून कृत्रिम भाग बसवला आणि त्यानंतर रूढ झालेल्या स्टेपिडेक्टमी या शस्त्रक्रियेत स्टेपिडियसची कंडरा कापणे ही नित्याची पायरी बनली. ती वाचवावी असे मानणारे शल्यचिकित्सकही आहेत. टिंपनोप्लास्टीत (पडदा दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत) हातोडीचा दांडा आत ओढला गेलेला असल्यास टेन्सरची कंडरा सोडवावी लागते. स्नायूंच्या झटक्यांमुळे कानात टकटक होत राहणाऱ्या मोजक्या रुग्णांतही हाच उपाय केला जातो.

तथापि कापण्यापेक्षा ओळखण्यासाठी हे स्नायू अधिक उपयोगी पडले, असे या इतिहासाकडे पाहता म्हणावे लागते. १९४७ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या नागपुरात काय किंवा अन्यत्र काय, टेम्पोरल बोनवर (कान ज्यात असतो त्या कवटीच्या हाडावर) ड्रिल चालवायला शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला कॉक्लिअरिफॉर्म प्रोसेस आधी शोधावी लागते, कारण फेशियल नर्व्हचा आडवा भाग तिच्या लगतच वरून जातो. कोलेस्टिएटोमाने (मध्यकर्णात वाढून हाड झिजवणाऱ्या त्वचेच्या गाठीने) बाकीची अस्थिरचना खाऊन टाकली तरी ही खूण पुष्कळदा शिल्लक राहते. पिरॅमिडच्या आतल्या बाजूस सायनस टिंपनाय आणि बाहेरच्या बाजूस फेशियल रिसेस हे खोलगट कोपरे असतात. पहिल्यात रोग नजरेआड राहू शकतो, तर दुसऱ्यातून कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (श्रवणनसेला विद्युत संकेत देणाऱ्या यंत्रासाठी) वाट काढली जाते, आणि दोन्ही ठिकाणी नस अगदी जवळ असते.

मेट्झ यांनी १९४६ मध्ये इम्पिडन्स मोजणीचा (कान ध्वनीला किती विरोध करतो हे मोजण्याचा) पाया घातल्यावर स्टेपिडियसचा प्रतिक्षेप पडदा न उघडता नोंदवता येऊ लागला. बेल्स पाल्सीत (चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडण्याच्या विकारात) तो नाहीसा झाला असल्यास नसेची इजा स्टेपिडियसच्या फांदीच्या वर, म्हणजे मेंदूच्या बाजूला, असल्याचा अंदाज बांधता येतो. कॉक्लिअर इम्प्लांट बसवताना विद्युत उत्तेजन दिल्यावर स्टेपिडियसची कंडरा हलताना मायक्रोस्कोपखाली दिसते. ती कोणत्या पातळीला हलली याची नोंद पुढे यंत्राचे प्रोग्रॅमिंग करताना, विशेषतः आवाज सोसवतो की नाही हे सांगू न शकणाऱ्या लहान मुलांत, आधाराला घेतली जाते.