टूथपेस्टची जागा प्रथमोपचार पेटीत नाही

हाताला वाफ लागली किंवा फोडणीचे तेल उडाले की भाजलेल्या जागेवर लगेच टूथपेस्ट लावावी, म्हणजे फोड येत नाही, असा सल्ला घरोघरी वर्षानुवर्षे दिला जातो. तो चुकीचा आहे. टूथपेस्टमधील पुदिन्याच्या अंशामुळे क्षणभर थंड वाटते, परंतु त्वचेच्या आतील उष्णता त्याने निघून जात नाही. उलट तिच्यातील फेस आणणारे व घासणारे घटक नाजूक झालेल्या त्वचेला झोंबतात आणि जखम तपासण्यापूर्वी डॉक्टरांना तो वाळलेला थर काढावा लागतो, ज्याच्या वेदना विशेषतः लहान मुलांना विनाकारण सोसाव्या लागतात. हळद आणि तूप यांनाही हीच हरकत आहे.

खरा उपाय नळाखाली आहे. भाजलेला भाग साध्या थंड, वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा; भाजल्यानंतर ३ तासांपर्यंत याचा उपयोग होतो. सूज येण्यापूर्वी अंगठी आणि बांगड्या काढाव्यात. बर्फ लावू नये, कारण त्याने त्वचेची इजा वाढू शकते.

पेटीत यासाठी जखमेला न चिकटणारे निर्जंतुक गॉझ, गुंडाळपट्टी, चिकटपट्टी, कात्री आणि पॅरासिटामॉल एवढेच पुरते. कापूस थेट जखमेवर ठेवू नये. त्याचे तंतू चिकटून बसतात. आलेला फोड फोडू नये. जखम रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठी असेल किंवा चेहरा, हात, पाय वा सांध्यावर असेल, तर पाणी वापरून झाल्यावर डॉक्टरांकडे जावे.