ट्यूबच्या एक्स-रेचा मोबाइलवर फोटो काढून पाठवू नका

रात्री पावणेतीनला फोन येतो. "पेशंटच्या श्वासनलिकेत ट्यूब टाकलीय, एक्स-रे व्हॉट्सॲपवर टाकलाय, तुमचं एआय काय म्हणतंय?" उघडून पाहतो तर मॉनिटरचा तिरका फोटो, मधोमध ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा आणि कोपऱ्यात सिस्टरचा अंगठा. मग आमची फोनाफोनी, तुमची चिडचिड, आणि पेशंट व्हेंटिलेटरवर.

आमचं एआय सॉफ्टवेअर एक्स-रेवर दोनच गोष्टी शोधतं: ट्यूबचं टोक आणि कॅरिना, म्हणजे श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात ती जागा. मग दोहोंमधलं अंतर मोजतं. मान सरळ असेल तर टोक कॅरिनाच्या वर ३ ते ७ सें.मी. असावं. कॅरिनाच्याही खाली गेलं की ट्यूब बहुधा उजव्या ब्रॉन्कसमध्ये, म्हणजे उजव्या फुप्फुसाच्या फाट्यात, घुसते आणि डावं फुप्फुस बसतं, हे तुम्हाला सांगायला नको. पण एक पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर, ही नोंद फक्त डायकॉम फाइलमध्ये, म्हणजे एक्स-रे मशीनच्या मूळ डिजिटल फाइलमध्ये, असते. मोबाइलच्या फोटोत ती नसते, म्हणून आमचं सॉफ्टवेअर फोटो घेतच नाही. अंदाजे सेंटिमीटर सांगणं आम्हाला जमणार नाही, कितीही आग्रह केलात तरी.

एक्स-रेसोबतच्या फॉर्मवर मानेची स्थिती आणि ट्यूब ओठाशी किती आकड्यावर फिक्स केलीय, हेही लिहा. हनुवटी छातीकडे झुकली की टोक साधारण २ सें.मी. खाली जातं, मान मागे गेली की तितकंच वर येतं. एका नर्सिंग होममध्ये डोक्याखाली दोन उशा होत्या. अंतर २ आलं, त्यांनी ट्यूब ३ सें.मी. ओढली. उशा काढल्यावर अंतर ७! पुन्हा प्लेट, पुन्हा आमची गाडी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये.

"एआय आहे तर रेडिओलॉजिस्टची सही कशाला?" कारण रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) आणि ईसीजीच्या वायरींच्या गर्दीत सॉफ्टवेअर कधीकधी भलतंच टोक पकडतं. अलर्ट लगेच येतो, पण सही झाल्याशिवाय तो रिपोर्ट धरू नका. ट्यूब अन्ननलिकेत गेलीय का, हे समोरून काढलेल्या एका प्लेटवरून खात्रीने कळत नाही. त्यासाठी कॅप्नोग्राफ, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्रच हवं.

हे तंत्र काही आम्ही काल शोधलेलं नाही. जीई हेल्थकेअरने नोव्हेंबर २०२० मध्ये, कोविडच्या धामधुमीत, ट्यूबचं अंतर मोजणारं एआय जाहीर केलं होतं. महागडं मशीन न घेता तीच सोय लहान नर्सिंग होमला मिळावी, एवढाच आमचा धंदा.

तुमच्या सीआर किंवा डीआर (डिजिटल एक्स-रे) कन्सोलवरून डायकॉम थेट आमच्याकडे येईल असं सेटिंग आम्ही फुकट करून देतो, कोपरीपासून कासारवडवलीपर्यंत आणि ऐरोलीतही. अर्ध्या तासाचं काम आहे. दुपारी ओपीडी संपल्यावर बोलवा, आणि कन्सोलचा पासवर्ड ज्याला माहीत आहे तो माणूस तेवढा हजर ठेवा.