आंब्यावरचे करडे ठिपके आणि भिंतीवरची हिरवी लव

श्रावणाची झड लागली की इंदूरमधल्या आमच्या कुंपणाच्या भिंतीवर हिरवी लव चढते. शेजारच्या आंब्याच्या खोडावरचे नाण्याएवढे करडे ठिपके मात्र बाराही महिने दिसतात. घरात दोन्हींना सरसकट ‘शेवाळ’ म्हणतात, आणि ही गल्लत दूर व्हावी असे मला मनापासून वाटते.

भिंतीवरची ‘हायोफिला इन्व्होल्यूटा’ ही मॉस म्हणजे खरीखुरी वनस्पती आहे. उन्हात तिची पाने आतल्या बाजूस वळून सुरळीसारखी होतात आणि झुपका मेल्यासारखा तपकिरी दिसतो. पण त्यावर पाण्याचे चार थेंब टाकून भिंग धरले, तर बघता बघता सुरळ्या उलगडून पानांच्या हिरव्या चांदण्या होतात.

आंब्यावरचा ‘पिक्सिन कोकोस’ हा शैवाक आहे, म्हणजे गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचा भाऊबंद. (दगडफूलही नावाप्रमाणे दगडावरच वाढते असे नाही, झाडांच्या सालीवरूनही ते गोळा करतात.) त्याला ना खोड, ना पाने. बुरशीच्या तंतूंच्या थरांमध्ये हिरव्या शैवालाच्या पेशी राहतात. शैवाल उन्हाच्या बळावर अन्न तयार करते आणि बुरशी त्याला निवारा देते. हे दुहेरी स्वरूप स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेन्डेनर यांनी 1867 मध्ये मांडले, तेव्हा अनेक शैवाकतज्ज्ञांनी ते धुडकावले होते. त्यातली बुरशी तर उत्क्रांतीच्या नात्याने वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची आहे. अंधारात या ठिपक्यावर नोटा तपासायच्या अतिनील दिव्याचा झोत टाकला, तर त्याच्या सालीतल्या लायकेक्सॅन्थोन या द्रव्यामुळे तो पिवळा चमकतो.

मुळे दोघांनाही नाहीत, त्यामुळे पाणी आणि क्षार थेट अंगावर पडेल त्यातूनच घ्यावे लागतात, आणि हवेतली विषारी द्रव्येही त्याच वाटेने आत शिरतात. म्हणून ‘शैवाक दिसला की हवा शुद्ध’ असे सर्रास सांगितले जाते. पण पिक्सिन कोकोस प्रदूषण बरेच सोसतो, तेव्हा त्याच्या भरवशावर शहराच्या हवेला प्रशस्तिपत्र देणे चुकीचे ठरेल.

मॉसचा एकच बीजाणू ओलसर जागी रुजला तरी नवा झुपका उभा राहू शकतो. शैवाकातल्या बुरशीच्या बीजाणूला मात्र आधी योग्य शैवाल गाठावे लागते. पिक्सिन कोकोस ही अडचण अशी टाळतो, की त्याच्या अंगावर पिठासारखे कण सुटतात आणि प्रत्येक कणात शैवालाच्या काही पेशी बुरशीच्या तंतूंत गुंडाळलेल्या असतात.