भरतीकाळचे विसावे (ठाणे खाडी)

भरतीला चिखलमैदान बुडाले की किनारी पक्षी जवळच्या ज्या उथळ आणि मोकळ्या जागी जाऊन ओहोटीपर्यंत थांबतात, ती जागा म्हणजे भरतीकाळचा विसावा. ठाणे खाडीच्या परिसरात असे विसावे प्रामुख्याने पूर्व काठावर आणि उरणकडे आहेत. नेरूळचे डीपीएस तळे, सीवूड्सजवळची एनआरआय आणि टी. एस. चाणक्य ही पाणथळे, उरण तालुक्यातील पाणजे, बेलपाडा आणि भेंडखळ ही त्यांतली परिचित नावे. पश्चिम काठावर भांडुप उदंचन केंद्राचा (पंपिंग स्टेशनचा) परिसर आणि मुलुंड-भांडुपची मिठागरे हेच काम करतात. खाडीचे संरक्षण म्हणताना नकाशावर सहसा चिखल आणि कांदळवन रंगवले जाते. पक्ष्याचा निम्मा दिवस मात्र या बाहेरच्या तुकड्यांवर जातो आणि विकासाचा दाबही नेमका तिथेच आहे.

भरतीचे गणित. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या येतात. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते आणि पाणी साडेचार मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर चढते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा भरती साधारण साडेतीन मीटरच्या आतच थांबते. भांगाच्या दिवसांत चिखलावर पाणी बेताचे असते आणि रोहितांसारखे लांब पायांचे पक्षी पुष्कळदा मैदानाच्या कडेलाच उभे राहतात. उधाणात तशी सोय उरत नाही, खाडीतले झाडून सारे पक्षी उठतात. मुंबईत उधाणाची भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते आणि दुसरी मध्यरात्रीच्या सुमारास. म्हणजे विसावा जितका भर उन्हात लागतो तितकाच काळोखातही. दिवसा पाहणी करून ‘इथे पक्षी नसतात’ असा शेरा मारणाऱ्या अहवालात ती पाहणी कोणत्या तिथीला आणि किती वाजता केली हे आधी पाहावे. सकाळी सातला, उधाणाच्या ओहोटीत, उत्तम विसावाही रिकामाच असतो.

पक्षी. लहान रोहित आणि मोठा रोहित म्हणजेच फ्लेमिंगो हे इथले सर्वांना माहीत असलेले पक्षी. १९९० च्या दशकापासून ते शिवडीच्या आणि ठाणे खाडीच्या चिखलावर मोठ्या संख्येने येऊ लागले. हिवाळ्याच्या सुरुवातीपासून त्यांची आवक होते आणि मेअखेर-जूनपर्यंत मुक्काम असतो. कच्छच्या रणासारख्या गुजरातेतील क्षेत्रांशी त्यांचे येणेजाणे आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या गणनांत ही संख्या काही वर्षी एक लाखापलीकडे गेली आहे. याच संस्थेने २०२२ मध्ये ६ रोहितांना जीपीएस यंत्रे बसवली. खाडी आणि नवी मुंबईतली पाणथळे ही पक्ष्यांच्या लेखी भरती-ओहोटीने जोडलेली एकच जागा आहे, हे त्या नोंदींमधून स्पष्ट दिसले.

रोहितांच्या गुलाबी गर्दीमागे तुतवार, टिलवे, चिखले, कोरल, पाणटिवळे, शेकाटे, सुरय आणि कुरव असे लहानमोठे किनारी पक्षी झाकले जातात. यांतले बरेचसे उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून ऑगस्टपासूनच दाखल होऊ लागतात आणि परतीच्या प्रवासासाठी एप्रिल-मेपर्यंत अंगात चरबी साठवतात. काळ्या शेपटीचा पाणटिवळा जागतिक पातळीवर संकटाच्या उंबरठ्यावर मानला जातो. विसाव्याची मोजपट्टी रोहितापेक्षा या लहान पक्ष्यांवरून लावलेली बरी, कारण त्यांच्या गरजा अधिक काटेकोर आहेत.

विसावा कशाने बनतो. पहिली गोष्ट पाण्याची खोली. टिलवा आणि लहान चिखल्या यांना ओला चिखल ते ४-५ सेंटिमीटर पाणी चालते. पाणटिवळा आणि शेकाट्या १०-१५ सेंटिमीटरपर्यंत उभे राहतात, तर मोठा रोहित अर्धा मीटर पाण्यातही निवांत असतो. एकाच तळ्यात या सगळ्यांना जागा हवी असेल तर तळ सपाट ठेवून भागत नाही. मंद उतार लागतो, १ मीटर उतरायला किमान २० मीटर आडवे अंतर मिळेल इतका. मध्ये वर टक्कल पडलेले बसके उंचवटे असले तर दुधात साखर.

दुसरी गोष्ट मोकळेपणा. किनारी पक्षी झाडाच्या आडोशाला बसत नाही, कारण ससाणा आणि कुत्रा तिथूनच येतो. तिसरे म्हणजे अंतर. विसावा चिखलमैदानापासून जितका दूर, तितकी रोजच्या फेऱ्यांत चरबी जळणार. हे अंतर काही किलोमीटरांतच असावे लागते. त्यामुळे ‘इथले तळे भरा, तिकडे ३० किलोमीटरवर नवे देतो’ हा प्रस्ताव कागदावर क्षेत्रफळ जुळवतो, पक्ष्याला मात्र काही देत नाही.

पाण्याची वाट बंद होणे. विसावा मरतो तो बहुधा भरावाने नाही, आधी पाणी तुटल्याने मरतो. रस्ता, जेटी किंवा बांध घालताना खाडीकडून येणारा नाला नळांवर, म्हणजे भरावाखालून टाकलेल्या मोठ्या पाइपांवर, आणला जातो. ते नळ संख्येने कमी असतात, चुकीच्या उंचीवर बसतात, किंवा दोन पावसाळ्यांत गाळाने बुजतात.

१२ हेक्टरच्या तळ्याचे उदाहरण घ्या. त्यात १० सेंटिमीटर पाणी भरायला १२,००० घनमीटर पाणी लागते. भरतीचे पाणी नळाच्या तळापेक्षा पुरेसे वर राहते ते सुमारे तीन तास. ६०० मिलिमीटर व्यासाच्या एका नळातून सेकंदाला १ मीटर वेगाने पाणी आले तर तीन तासांत जेमतेम ३,००० घनमीटर येते. म्हणजे एका भरतीत तळे भरायचे तर असे चार नळ हवेत आणि ते साफ हवेत. निम्मा गाळ भरला की येणारे पाणीही निम्मे. शिवाय नळ तळ्याच्या तळापर्यंत खाली बसवले तर भरतीत आलेले पाणी ओहोटीत त्याच वाटेने परत जाते. म्हणून तोंडाशी उंबरा लागतो. उंबऱ्याला खाचा ठेवून त्यात लाकडी फळ्या सरकवल्या की पातळी हवी तशी राखता येते.

कोकणातल्या खारबांधाची उघाडी इथे जशीच्या तशी बसवणे ही हमखास होणारी चूक आहे. उघाडीचे झडप ओहोटीत बाहेर उघडते आणि भरतीत मिटते. खारे पाणी आत येऊ न देता शेताचे पाणी काढून टाकणे हेच तिचे काम. विसाव्याला नेमके उलटे हवे असते.

भांगाच्या सात-आठ दिवसांत पाणी उंबऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. एप्रिल-मेमध्ये दिवसाला ५ ते ७ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर तेवढ्या काळात ४-५ सेंटिमीटर पाणी उडते. १० सेंटिमीटरचे तळे निम्मे होते, क्षार दुप्पट होतात. पुढचे उधाण आत आले तर सगळे सुरळीत होते. नाही आले तर आधी पाणी हिरवे पडून वास मारू लागते, मग तळ तडकतो, मग त्यावर गवत आणि विलायती बाभूळ उगवते, कुत्र्यांना पायवाट मिळते. दोन-तीन वर्षांनी कोणीतरी येऊन ‘ही पाणथळ नाहीच’ असे लिहून जातो. २०२४ मध्ये सुमारे ३० एकरांचे डीपीएस तळे पाण्याची वाट अडल्याने कोरडे पडले आणि त्याच हंगामात आसपास रोहित मेलेले व जखमी झालेले आढळले, तेव्हा हा क्रम सर्वांसमोर आला. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हे तळे संवर्धन राखीव (वन्यजीव कायद्याखालील संरक्षित क्षेत्र) करण्यास मान्यता दिली.

उलट टोकही तितकेच घातक. मत्स्यपालनासाठी पाणी अडवून पातळी वर्षभर अर्ध्या मीटरवर ठेवली तर रोहित टिकतात, पण टिलवे आणि चिखले निघून जातात. छायाचित्रात तळे भरलेले आणि गुलाबी दिसत असल्याने हे नुकसान कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुरुस्तीला वेळही थोडा मिळतो. रोहित मेअखेरीस हलू लागतात आणि जूनमध्ये पाऊस येतो, ऑगस्टमध्ये तुतवार परततात. मातीकाम मेअखेर ते पावसाच्या तोंडापर्यंत उरकावे, नळांतला गाळ पावसाळा ओसरताच काढावा, उंचवट्यांवरचे गवत सप्टेंबरअखेर कापावे. निविदा जानेवारीत निघाली नाही तर ते वर्ष गेलेच समजावे.

कांदळवनाचा पेच. खाडीत गाळ साचत गेला तशी चिखलमैदानांवर तिवरे पसरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यभर कांदळवन तोडण्यावर बंदी आहे आणि भोवती ५० मीटरचा पट्टा राखावा लागतो. या निकालाने किनारा वाचवला, यात वाद नाही. पण विसाव्यात उगवलेले तिवराचे रोप आज उपटले नाही तर चार-पाच वर्षांत पक्ष्यांची नजर अडते आणि जागा सोडली जाते. रोप गुडघ्याएवढे असतानाच वनविभागाच्या कांदळवन कक्षामार्फत रीतसर परवानगी घेऊन काढणे, हाच मार्ग आहे. उघड्या चिखलावर हौसेने कांदळ लावण्याचे कार्यक्रम तर सरळ टाळावेत. उघडा चिखल ही पडीक जमीन नव्हे.

उजेड, तारा, कुत्री. मध्यरात्रीच्या भरतीत पक्षी विसाव्यावर येतात तेव्हा काठावरचे पांढरे एलईडी दिवे त्यांना भोवतात. दिव्यांना झाकण लावून प्रकाश खाली वळवणे आणि पिवळसर दिवे बसवणे हा स्वस्त उपाय आहे. खाडी ओलांडणाऱ्या उच्चदाब तारांवर, विशेषतः वरच्या बारीक तारेवर, साधारण १० मीटर अंतराने ठळक खुणा लावल्या जातात. त्या रात्रीही दिसतील अशा हव्यात. १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या अटल सेतूवर शिवडीच्या बाजूला आवाज रोखणारे पडदे बसवले आहेत ते याच विचाराने. कुत्र्यांसाठी कुंपणापेक्षा काठाने खोदलेला पाण्याचा रुंद चर अधिक टिकतो. ड्रोन मात्र पूर्ण बंदच हवेत. एका ड्रोनने अख्खा थवा उठतो आणि हवेत घिरट्या घालत राहतो.

कायद्याची स्थिती. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले. क्षेत्र १,६९० हेक्टर, त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि उरलेले पाणी. ते ऐरोली आणि वाशी पुलांदरम्यान पश्चिम काठाला आहे. २०२२ मध्ये परिसंवेदनशील पट्ट्यासह ६,५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता, मिळाला. पूर्वेकडचे आणि उरणचे विसावे अभयारण्याच्या सीमेत नाहीत. त्यांना ‘उपग्रह पाणथळे’ (मुख्य खाडीच्या जोडीची पाणथळे) मानून एकत्रित व्यवस्थापनाचा आराखडा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने मांडला, पण जमीन सिडको, बंदर, विशेष आर्थिक क्षेत्र अशा वेगवेगळ्या हातांत आहे. सुमारे २८९ हेक्टरच्या पाणजेचा वाद याच गुंत्यातला.

२०१७ चे पाणथळ नियम मिठागरांना आणि सागरी किनारा नियमन क्षेत्रातल्या जागांना लागू होत नाहीत, तर किनारा नियमनाचे कवच खारफुटी आणि चिखलमैदान स्पष्ट दाखवता आले तरच भक्कम असते. बांधाआडचे तळे या दोन्हींच्या फटीत पडते. मिठागरांचे दुखणे आणखी वेगळे. त्यांच्याकडे रिकामी जमीन म्हणूनच पाहिले जाते. २०२४ मध्ये मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग भागातली सुमारे २५६ एकर मिठागरे धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. सीवूड्सच्या दोन पाणथळांवरचा गोल्फ मैदान आणि इमारतींचा प्रस्ताव उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अडवला आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

प्रत्यक्षात उपयोगी पडतो तो वन्यजीव संरक्षण कायद्यातला ‘३६ अ’ हा भाग. शासकीय जमीन, विशेषतः अभयारण्यालगतची, स्थानिकांशी चर्चा करून संवर्धन राखीव करता येते. अर्जासोबत राष्ट्रीय पाणथळ नकाशातली नोंद, वेगवेगळ्या वर्षांची उपग्रह चित्रे आणि उधाणातल्या गणना जोडल्या तर प्रकरण उभे राहते. उपग्रह चित्र निवडताना त्या दिवशीची भरतीची वेळ तपासावी. ओहोटीतले चित्र विरोधी पक्षाच्याच कामाला येते.

विमानतळ. नवी मुंबई विमानतळामुळे ‘पाणथळे पक्षी खेचतात, म्हणून ती बुजवा’ असा युक्तिवाद होतो. पक्षी येतो तो चिखलावरच्या अन्नासाठी, आणि चिखल तर जागेवरच राहणार. विसावा काढून घेतला तर भरतीत तोच थवा नवी जागा शोधत फिरतो, त्यात धावपट्टीजवळचे सपाट मैदानही आले. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर विमानाच्या धडकेत ३० हून अधिक रोहित मेले. थवे रात्री कोणत्या वाटेने जातात हे ठाऊक असणे वैमानिकांच्याही हिताचे आहे, आणि ती वाट स्थिर राहते ती विसावे स्थिर असतील तरच.

गणना. उधाणाचा दिवस निवडून भरतीच्या दोन तास आधी जागेवर पोहोचावे. सगळ्या विसाव्यांवर एकाच वेळी मोजावे, नाहीतर तेच पक्षी दोनदा मोजले जातात. मोठा थवा दहा-दहाच्या, मग शंभराच्या गटांनी मोजावा. रोहित आधी मोजण्याचा मोह आवरून लहान पक्ष्यांपासून सुरुवात करावी, कारण पाणी चढले की तेच आधी हलतात. सूर्य पाठीशी राहील असा काठ धरावा, दुर्बीण तिकाटण्यावर असावी. प्रत्येक नोंदीत भरतीची उंची, तळ्यातली खोली (कायम रोवलेल्या पट्टीवरून वाचलेली), नळातून पाणी येत होते की नाही, आणि थवा कशाने उठला हे लिहावे. पक्षी शून्य असले तरी नोंद करावीच. कोरड्या तळ्यावरची शून्याची नोंद आणि त्याच भरतीत शेजारच्या ओल्या तळ्यावरची हजारोंची नोंद ही जोडी न्यायालयात एकट्या मोठ्या आकड्यापेक्षा जास्त बोलते.